‘येतो म्हणाले’ : दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची दोन व्याकरणे

‘येतो म्हणाले.’ दोन शब्दांचे हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा बोलतो, याची कोणी मोजदाद ठेवत नाही. पुण्याहून मामा निघाले का? येतो म्हणाले. वायरमनला फोन लागला का? येतो म्हणाले. सप्ताहाचे बुवा नक्की येणार ना? येतो म्हणाले. वाक्य इतके सवयीचे की त्याच्याकडे थांबून पाहण्याची गरज वाटत नाही. पाहिले, तर मात्र त्यात दोन माणसे बोलताना दिसतात. ‘येतो’ हा शब्द ज्यांना यायचे आहे त्यांचा. स्वतःविषयी बोलताना त्यांनी साधे एकवचन वापरले. स्वतःला आदर कोण देतो? ‘म्हणाले’ हा शब्द निरोप आणणाऱ्याचा. तो मामांना, बुवांना मान देतो आणि अनेकवचन वापरतो. दोन वेगवेगळ्या तोंडचे शब्द शेजारी उभे आहेत. मध्ये ना ‘की’, ना ‘असे’, ना स्वल्पविराम.

हेच इंग्रजीत सांगायचे तर ‘ही सेड दॅट ही वुड कम’ असे सहा शब्द लागतात. शब्द वाढले ही तक्रार नाही. बदल आतला आहे. मामांच्या तोंडचा ‘मी’ गेला, त्याच्या जागी ‘तो’ आला. ‘येईन’चा भविष्यकाळ भूतकाळाच्या छायेत गेला. मामांचे वाक्य मोडले आणि निरोप्या जिथे उभा आहे तिथून ते नव्याने बांधले गेले.

मी मुळशी तालुक्यातल्या मुठा गावचा. तालुक्यात इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. इंग्रजी येते म्हटल्यावर जमिनीचे, बँकेचे, कोर्टाचे कागद गावकऱ्यांना वाचून दाखवण्याचे कामही ओघाने अंगावर आले. या दोन्ही कामांत एकच गोष्ट वारंवार समोर येत गेली : दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडाने सांगण्याच्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या रीती वेगळ्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की नेमके कोण काय म्हणाले हेच हरवते. परीक्षेतला एखादा गुण जाण्यापुरती ही बाब राहत नाही. बातमीत, जबाबात आणि भाषांतरात तिची किंमत मोठी असते.

‘दॅट’च्या दारातले नियम

शाळेत ‘इंडायरेक्ट स्पीच’ शिकवताना भर असतो तो काळ बदलण्यावर : ‘इज’चे ‘वॉज’ करा, ‘विल’चे ‘वुड’ करा, ‘टुडे’चे ‘दॅट डे’ करा. मुले हे पाठ करतात. त्यांची अडचण त्याच्या आधीच्या शब्दाशी, म्हणजे सांगण्याच्या क्रियापदाशी होते.

इंग्रजीत या क्रियापदांच्या जाती आहेत. ‘टेल’ला ऐकणारा हवाच, ‘ही टोल्ड मी दॅट’ बरोबर, ‘ही टोल्ड दॅट’ चूक. ‘से’ला ऐकणारा लागत नाही, आणि आलाच तर ‘टू’चा हात धरून येतो. ‘एक्स्प्लेन’, ‘सजेस्ट’, ‘ॲडमिट’, ‘अनाउन्स’ यांनाही ऐकणारा ‘टू’ लावूनच चालतो. ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘कन्व्हिन्स’ यांना तो थेट आणि सक्तीने हवा. ‘टॉक’, ‘स्पीक’, ‘डिस्कस’ यांच्यापुढे ‘दॅट’चे वाक्य येतच नाही. मराठी मुलगा ‘ही एक्स्प्लेन्ड मी दॅट’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात ‘त्याने मला समजावले की’ हे निर्दोष मराठी वाक्य असते. मराठीत ऐकणाऱ्याला ‘-ला’ लावला की काम झाले : मला म्हणाला, मला सांगितले, मला समजावले, मला सुचवले. एकच प्रत्यय सगळीकडे चालतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाची रीत वेगळी शिकावी लागते.

दुसरा घोटाळा ‘की’चा. मराठीतला ‘की’ उदार आहे. त्याच्यामागून विधान येते (‘म्हणाला की पाऊस पडतोय’), प्रश्न येतो (‘विचारले की कुठे निघालास’) आणि आज्ञाही येते (‘सांगितले की उद्या ये’). इंग्रजीतल्या ‘दॅट’मागून येते ते मुख्यतः विधान. प्रश्नाला ‘इफ’, ‘व्हेदर’ किंवा खुद्द प्रश्नार्थक शब्द लागतो, आणि आज्ञेला बहुधा ‘टू’. म्हणून ‘ही आस्क्ड दॅट व्हेअर आर यू गोइंग’ हे वाक्य वहीत पुन्हा पुन्हा येते. त्यात मुलाने इंग्रजी शब्द मराठी ओळीत उभे केलेले असतात.

तिसरा घोटाळा अर्थाचा आणि तो अधिक धोक्याचा. ‘मला संशय आहे की त्यानेच चोरी केली’ याचे इंग्रजी आपल्याकडे सर्रास ‘आय डाउट दॅट’ असे केले जाते. आजच्या इंग्रजीत ‘आय डाउट दॅट ही स्टोल इट’ याचा अर्थ ‘त्याने चोरी केली असेल असे मला वाटत नाही’ असा होतो. मराठी संशय माणसावर बोट ठेवतो, इंग्रजी ‘डाउट’ ते बोट मागे घेतो. हवा असलेला शब्द ‘सस्पेक्ट’. जुन्या इंग्रजीत ‘डाउट’ला ‘भीती वाटणे, संशय येणे’ असाही अर्थ होता, पण आज तक्रार वाचणारा आजचाच अर्थ घेणार. एका क्रियापदाने फिर्याद उलटी होते.

जे, की, म्हणून, असे

मराठीची स्वतःची सामग्री आता पाहू. शालेय व्याकरणात ‘स्वरूपदर्शक उभयान्वयी अव्यये’ म्हणून चार शब्द दिले जातात : म्हणून, म्हणजे, की, जे. यांतला ‘जे’ आज बोलण्यातून गेला आहे. तो भेटतो जुन्या कागदांत. मराठेशाहीतल्या पत्रांचा ‘आज्ञा केली ऐसी जे’ किंवा ‘विनंती ऐसीजे’ हा साचा अनेकांच्या वाचनात असेल. त्यात ‘ऐसी’ हे ‘आज्ञे’प्रमाणे, ‘विनंती’प्रमाणे स्त्रीलिंगी आहे. आज्ञा कशी? तर अशी; आणि ती पुढे ‘जे’नंतर येते. ‘असे’ आणि ‘जे’ अशी जोडी लावून वाक्य बांधण्याची ही पद्धत मराठीच्या हाडातली आहे.

‘की’चे कूळ वादाचे आहे. ज्ञानेश्वरीतला ‘कीं’ बहुधा ‘किंवा’, ‘जणू’ अशा अर्थांनी येतो. ‘म्हणाला की’ मधल्या ‘की’च्या वाढीमागे फारसी ‘कि’चा हात आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारातल्या फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले; विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. दोन्ही खटपटी नामांच्या होत्या. ‘की’ला कोणी हात लावला नाही, आणि सावरकरांच्या गद्यातही तो भरपूर आहे. वाक्यांचे सांधे असे सहजासहजी बदलता येत नाहीत.

‘म्हणून’ची गोष्ट याहून रंजक आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदाचेच ते रूप. ‘येतो म्हणून सांगितले’ यात ते बोलण्याला जोडते, ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात कारणाला. आता शेजार पाहा. कन्नडमधला ‘एंदु’, तेलुगूतला ‘अनि’, तमिळमधला ‘एन्रु’ हे सगळे त्या त्या भाषेतल्या ‘म्हणणे’ या क्रियापदाचे असेच रूप आहेत आणि वाक्यात त्याच जागी, म्हणजे सांगितलेल्या गोष्टीच्या नंतर, येतात. गोव्यात कोकणीतला ‘म्हूण’ तेच काम करतो, हैदराबादेकडच्या दखनीत ‘बोलके’ करतो, बंगालीत ‘बोले’ आणि नेपाळीत ‘भनेर’. संस्कृतातला ‘इति’ही उद्धृताच्या शेवटीच येतो. एफ. बी. जे. काइपर यांनी १९६७ साली असे मांडले की, ‘इति’चा हा वापर द्राविड भाषांच्या सहवासाची खूण आहे, हान्स हेन्रिक हॉक यांनी १९८२ च्या निबंधात त्याला आक्षेप घेतला. वाद मिटलेला नाही. पण शेजारच्या भाषा वाक्यरचनेपर्यंत एकमेकींत मुरतात, हे आपल्याकडेच दिसून आले आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलींचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जगभर वाचला जातो. तिथे या भाषांच्या वाक्यांचा सांगाडा इतका सारखा झाला होता की, शब्द बदलले की भाषा बदलत होती.

इंग्रजी ‘दॅट’ही मुळात परका प्राणी नाही. ‘दॅट’ म्हणजे ‘ते’. ‘तो म्हणाला ते : पाऊस पडतोय’ अशा रचनेतून ते दर्शक सर्वनाम हळूहळू जोडशब्द झाले, असे इंग्रजीचे इतिहासकार मानतात. आपला ‘असे’ही बोट दाखवणाराच शब्द. फरक जागेचा आहे. इंग्रजी आधी बोट दाखवते, मग वस्तू समोर ठेवते. मराठी बहुधा वस्तू आधी ठेवते आणि मग ‘असे ते म्हणाले’ म्हणून बोट दाखवते. ‘की’मुळे मराठीला इंग्रजीसारखी आधी सांगण्याची सोयही मिळाली आहे. दोन्ही सोयी असलेली भाषा अधिक श्रीमंत, पण त्यामुळे कोणती कधी वापरायची याची जबाबदारी येते.

सांगण्याच्या क्रियापदांतही मराठी एक सूक्ष्म भेद करते. ‘ती म्हणाली’ यात क्रियापद बोलणारीशी जुळते. तो म्हणाला, ते म्हणाले, मी म्हणालो. ‘तिने सांगितले’ यात क्रियापद बोलणारीला सोडून देते; त्याने, त्यांनी, मी, कोणीही असो, ‘सांगितले’च. ‘म्हणाली’मध्ये बोलणारी व्यक्ती दिसत राहते, ‘सांगितले’मध्ये बोललेली गोष्ट. आणि ‘म्हणे’ हा शब्द तर दोघांनाही झाकतो. आमच्या खोऱ्यातली म्हातारी माणसे ‘लाइट जानार हाय म्हनं’ म्हणतात तेव्हा त्या एका ‘म्हनं’मध्ये ‘मी पाहिलेले नाही, कोणीतरी सांगितले, खरेखोटे मला विचारू नका’ एवढे सगळे असते. याला तुल्यबळ इंग्रजी शब्द मुलांना देताना माझी नेहमी ओढाताण झाली.

‘मी’ कोणाचा?

आता सरमिसळीकडे येतो. आजी म्हणाली, ‘मला बरं वाटत नाही.’ मराठीत निरोप जातो : ‘आजी म्हणाली, मला बरं वाटत नाही म्हणून.’ इंग्रजीत : ‘शी सेड दॅट शी वॉज नॉट फीलिंग वेल.’ या इंग्रजी वाक्यातला ‘वॉज’ आजीच्या तब्येतीविषयी काही सांगत नाही. ‘सेड’ भूतकाळी आहे म्हणून त्याच्या मागोमाग तोही गेला. इंग्रजी वाचकाला हे ठाऊक असते, त्यामुळे तो फसत नाही.

फसतो तो भाषांतरकार. या वाक्याचे मराठी ‘ती म्हणाली की तिला बरे वाटत नव्हते’ असे केले की मराठी कानाला दोन गोष्टी ऐकू येतात : आजारी कोणी दुसरीच होती, किंवा हीच होती आणि आता बरी झाली. मूळ आजी अजून अंथरुणावर आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. तेव्हा प्रवास मराठीकडून इंग्रजीकडे होता. आज अनुवादित कादंबऱ्यांत, डब केलेल्या मालिकांत, भ्रमणध्वनीवरच्या यांत्रिक भाषांतरांत ओघ उलटा आहे. ‘ते म्हणाले की ते येतील’ हे वाक्य आता कोणालाही खटकत नाही. खरे तर त्यातल्या माणसाने स्वतःला ‘ते’ म्हटल्यासारखे होते. ‘येतो म्हणाले’ मधली दोन माणसे इथे एक झाली.

भाषा बदलते आणि बदलावी, याविषयी माझे भांडण नाही. पण मधल्या अवस्थेत संदिग्धता वाढते. ‘सरपंच म्हणाले की मी खोटे बोलतो.’ खोटे कोण बोलते? मराठीच्या जुन्या रीतीने हा ‘मी’ सरपंचांचा. त्यांनी मला खोटारडा म्हटले असते, तर मराठी माणूस त्यांचे शब्द तसेच आणून ‘सरपंच मला म्हणाले, तू खोटं बोलतोस’ असे सांगेल. इंग्रजी रीतीने मात्र ‘मी’ म्हणजे सांगणारा. दोन्ही रीती आपापल्या घरी स्वच्छ आहेत. वाचणाऱ्याला लिहिणारा कोणत्या घरातून बोलतो आहे हे कळले नाही, तर एका ‘मी’पायी गावात तंटा उभा राहू शकतो.

मराठी गद्याला या प्रश्नाची जाण फार जुनी आहे. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामी काय म्हणाले, त्यावर कोण काय म्हणाले, असे प्रसंग एकामागून एक येतात. म्हाइंभटांनी ते प्रत्यक्ष ऐकणाऱ्यांकडून गोळा केले. महानुभाव परंपरेने आठवणींतले पाठभेद बुजवले नाहीत. कोणाची आठवण वेगळी, हे ‘वासना’ अशी नोंद करून राखले. आपल्या गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा पाया ‘म्हणाले’ या क्रियापदावर आहे, आणि ते क्रियापद किती जोखमीचे आहे याची समज त्या मंडळींना होती.

बातमीतले ‘असल्याचे’

वर्तमानपत्राच्या मराठीने चौथी रीत रूढ केली आहे. ‘धरणातून पाणी गळते, असे अधिकारी म्हणाले’ याऐवजी ‘धरणातून पाणी गळत असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले’. आमच्या मुठा खोऱ्यातल्या टेमघर धरणाच्या गळतीची चर्चा २०१६ साली राज्यभर झाली. तेव्हापासून अशा वाक्यांकडे मी बारकाईने पाहू लागलो. (इथली उदाहरणे माझी, कोणत्याही दैनिकातली नाहीत.) ‘असल्याचे’ म्हटले की अधिकाऱ्याचे वाक्य नाहीसे होते आणि त्याचे एक नाम बनते. ते म्हणाले काय होते? ‘गळते’? ‘थोडे झिरपते’? ‘गळत असावे’? वाचकाला मूळ शब्दांकडे परत जाण्याची वाट उरत नाही. जागा वाचते, वाक्य सुटसुटीत होते. जाते ते बोलणाऱ्याने घातलेले माप.

या ‘असल्याचे’ला पुढे कोणते क्रियापद लागते यावर सगळे अवलंबून असते. पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांनी १९७० च्या ‘फॅक्ट’ या निबंधात दाखवले की, काही क्रियापदे आपल्यामागच्या वाक्याला खरे धरूनच चालतात. त्यांची कसोटी सोपी आहे : वाक्य नकारी करून पाहा. ‘चूक झाल्याचा आरोप त्यांनी केला नाही’ म्हटले, तर चूक झाली की नाही हे मोकळे राहते. ‘चूक झाल्याचे त्यांच्या लक्षात आले नाही’ म्हटले, तरी चूक जागेवरच असते. ‘चूक झाल्याचे त्यांनी कबूल केले नाही’ हे वाक्यही ऐकणाऱ्याला चूक झाली असेच सुचवते. ‘निदर्शनास आणले’, ‘उघड केले’, ‘कबूल केले’ ही क्रियापदे निवडताना वार्ताहर नकळत निवाडा देऊन बसतो. ‘दावा केला’ उलट बाजूने ढकलतो. ऐकणाऱ्याला वाटते, हे काही खरे नसावे. शिवाय गावात ‘दावा’ म्हणजे कोर्टात टाकलेला दावा. ‘शेतकऱ्यांनी दावा केला’ वाचून कोर्टाची तारीख कधी आहे, असे विचारणारे मला भेटले आहेत.

क्रियापदाची जागाही इथे महत्त्वाची ठरते. इंग्रजीत ‘अलेज्ड दॅट’ आधी येते. पुढचे सगळे आरोप म्हणून वाचायचे, ही ताकीद दारातच मिळते. मराठीत ‘अमुक यांनी निधीत अफरातफर केली, जमिनी बळकावल्या, धमक्या दिल्या’ असे सगळे वाचून झाल्यावर ‘असा आरोप विरोधकांनी केला’ हे येते. तोवर वाचकाच्या मनात अफरातफर घडून गेलेली असते. मथळ्यात तर शेवटचे शब्द कापलेच जातात आणि एकेरी अवतरणचिन्हावर भागवले जाते. म्हणून लांब आरोपाच्या बातमीत ‘विरोधकांनी असा आरोप केला की’ ही ‘की’ची रचना मला अधिक प्रामाणिक वाटते. फारसीच्या सहवासात वाढलेली ती सोय अशा वेळी कामाला यावी.

आणि ‘असल्याचे समजते’? ‘म्हणे’ निदान कबूल करतो की ही ऐकीव गोष्ट आहे. ‘समजते’ तीच ऐकीव गोष्ट शहाणपणाचा अंगरखा घालून आणते.

जबाब देतो की

सर्वांत लांब ‘की’ पाहायचा असेल तर जबाबाचा कागद पाहावा. ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,’ असे एकदा लिहिले जाते आणि त्या एका ‘की’वर पुढची दोन-तीन पाने टांगलेली असतात. शेवटी ‘माझा वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे’. इंग्रजी प्रतिज्ञापत्राची तऱ्हाही तीच. ‘स्टेट ॲज अंडर’ हे क्रियापद वर एकदा येते आणि खाली प्रत्येक परिच्छेद ‘दॅट’ने सुरू होतो : दॅट अर्जदार अमुक गावचा रहिवासी आहे, दॅट त्याची जमीन तमुक गटात आहे.

जबाबात ‘मी’ असतो. वरवर पाहता ही मराठीची जुनी रीत : माणसाचे वाक्य त्याच्याच ‘मी’सकट. पण आतली भाषा पाहा. ‘सदर इसमाने माझेशी विनाकारण वाद घालून मला शिवीगाळ केली.’ रोपलावणी करणारी बाई असे बोलत नाही. तिने सांगितलेले असते, ‘त्यानं मला बांधावर गाठलं आन् वाट्टेल ते बोलला.’ ‘मी’ तिचा, वाक्य लिहून घेणाऱ्याचे. ‘बांधावर’ हा शब्द गळतो आणि ‘विनाकारण’ हा शब्द येतो. पुढे बांध कोणाचा यावरच खटला उभा असेल, तर काय गळले याला मोल येते.

कायद्याला हे ठाऊक आहे. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६२ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. साक्षीच्या वेळी वकील जबाबातला मजकूर दाखवून विचारतात, आणि आपल्याकडच्या कोर्टांत एक उत्तर इतक्या वेळा येते की त्याचा साचाच झाला आहे : ‘मी पोलिसांना तसे सांगितले नव्हते, त्यांनी तसे का लिहिले, याचे कारण सांगता येणार नाही.’ ऐकणाऱ्याला वाटते, साक्षीदार फिरला. कधी तो खरोखर फिरलेला असतो. कधी मात्र तो अगदी खरे सांगत असतो : ते वाक्य त्याचे नव्हतेच.

मुळशीला या गोष्टीची जुनी जखम आहे. टाटांच्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. ज्या १८९४ च्या कायद्याने भूसंपादन होत असे, त्यात हितसंबंधी माणसाने संपादनालाच हरकत घ्यावी आणि ती ऐकून घेतली जावी, असे सांगणारे कलम ५-अ घातले गेले ते १९२३ साली. ‘रयत म्हणते की’ या वाक्याला कायद्यात जागा मिळाली ती सत्याग्रह सुरू झाल्यानंतर. जागा मिळाल्यावरही प्रश्न उरतोच. मावळातला शेतकरी बोलणार मराठीत, निर्णय होणार इंग्रजीत, आणि मधला माणूस त्याच्या बोलण्याआधी ‘स्टेट्स’ लिहितो, ‘कंटेंड्स’ लिहितो की ‘अलेजेस’ लिहितो, यावर वरच्या टेबलावरचा साहेब ते किती गांभीर्याने वाचेल हे ठरते. तीनही शब्दांचे मराठी ‘म्हणतो’ असेच होईल. वजन तिघांचे निराळे.

म्हणून इंग्रजी शिकवताना काळ बदलण्याचा तक्ता मी नेहमी नंतर दिला. आधी मुलांना एकच वाक्य द्यायचो, ‘बांध माझा आहे’, आणि ते शेजाऱ्याच्या, तलाठ्याच्या, वकिलाच्या आणि वार्ताहराच्या तोंडून सांगायला लावायचो. शेजारी ‘अलेज’ निवडतो, वकील ‘सबमिट’, तलाठी ‘स्टेट’, वार्ताहर ‘क्लेम’. बांध तिथेच असतो. प्रत्येक क्रियापदाबरोबर बोलणाऱ्या शेतकऱ्याची पत मात्र वरखाली होते. मुलांना हे लगेच कळते, कारण प्रत्येकाच्या घरी एखादा बांध असतोच. ते कळल्यावर ‘टोल्ड’नंतर ऐकणारा का लागतो आणि ‘डाउट’ कुठे चालत नाही, हे सांगायला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्याचे बोलणे पोहोचवण्याचे काम ज्यांच्याकडे येते, मग ते वार्ताहर असोत, अनुवादक असोत वा जबाब लिहून घेणारे, त्यांच्यासाठी यातून निघणारे नियम थोडे आहेत. ज्या वाक्यावर भांडण आहे, ते निदान एकदा त्या माणसाच्या शब्दांत, त्याच्या ‘मी’सकट लिहावे. आरोप असेल तर ‘आरोप’ हा शब्द आधी यावा. ‘असल्याचे’ लिहिण्यापूर्वी मूळ वाक्यात ‘आहे’ होते की ‘असावे’, हे आठवून पाहावे. खात्री नसेल तिथे ‘म्हणाले’ पुरे. ‘कबूल केले’ आणि ‘दावा केला’ ही क्रियापदे पुरावा हाती असल्याशिवाय वापरू नयेत. आणि इंग्रजीतून मराठीत येताना ‘वॉज’ दिसला की लगेच ‘होता’ लिहू नये. माणूस अजून आजारी आहे का, हे आधी विचारावे.